खाटेशेजारचा मॉनिटर: भाग सुटे करणं सोपं, सांधे जुळवणं अवघड

ऑपरेशन संपलंय आणि पेशंटला थिएटरमधून आयसीयूत हलवायचंय. अंतर म्हणाल तर एक कॉरिडॉर आणि एक लिफ्ट. पण त्याच्या अंगावर काय काय लावलेलं आहे ते बघा: छातीवर ईसीजीच्या पाच वायरी, बोटाला सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, प्रोब, दंडाला बीपीचा कफ, मनगटाच्या धमनीत बारीक नळी आणि तिला जोडलेला ट्रान्सड्यूसर (रक्ताच्या दाबाचा विजेचा सिग्नल बनवणारा सेन्सर), शिवाय टेंपरेचरचा प्रोब. हे सगळं एका एकसंध मॉनिटरला जोडलेलं असेल, तर प्रत्येक वायर काढायची, प्रवासापुरत्या छोट्या मॉनिटरला लावायची, आयसीयूत पोचल्यावर पुन्हा काढायची आणि तिथल्या मॉनिटरला लावायची. धमनीतल्या बीपीचा शून्य, म्हणजे मोजणी कुठून सुरू धरायची ते, दोनदा नव्याने लावायचा. ऑपरेशनभरातला आलेख थिएटरमधल्या यंत्राच्या पोटातच राहिला, ते वेगळंच. भूल उतरत असताना पेशंटचं बीपी आणि श्वास सगळ्यात बेभरवशाचे असतात, आणि नेमकं तेव्हाच दोन माणसं वायरींचा गुंता सोडवत उभी असतात.

मॉड्यूलर, म्हणजे सुट्या भागांचा (मॉड्यूल्सचा) बनलेल्या, मॉनिटरने यावर साधा उपाय काढला. सगळ्या वायरी मोठ्या पडद्याला न लावता एका हातात उचलता येईल अशा ठोकळ्याला लावायच्या. या ठोकळ्याला स्वतःची बॅटरी आणि छोटासा पडदा असतो. मुख्य मॉनिटरमधून तो सरकवून काढला की पेशंटच्या अंगावरची एकही वायर न हलवता निघता येतं, आणि वाटेतही मोजणी चालू राहते. आयसीयूतल्या मॉनिटरमध्ये तो खोचला की आतली माहिती आणि आलेख तिथल्या मोठ्या पडद्यावर येतात. फक्त तिथे आधीच्या पेशंटचं नाव अजून पुसलेलं नसेल, तर मॉनिटर विचारतो: कोणाची माहिती ठेवू, मॉनिटरमधली की ठोकळ्यातली? घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं, तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावावर चढतात.

बटणाची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या मते अशा यंत्रांचा खरा कस तिथेच लागतो. मॉड्यूलर म्हटलं की डोळ्यांसमोर मालगाडी येते: इंजिन एक, डबे हवे तितके. डबे बनवणं कंपन्यांना आता उत्तम जमतं. अडचणी येतात त्या दोन डब्यांच्या मधल्या कड्यांमध्ये: शरीर आणि सेन्सर यांच्यात, सेन्सर आणि गणित यांच्यात, एका मॉड्यूल आणि दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात.

आधी सगळं सुटंच होतं

नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण या मोजमापांना वायटल साइन्स म्हणतात. ती मोजण्याची साधनं एकाच वेळी, एकाच डोक्यातून जन्मलेली नाहीत. दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीत दाब वाचण्याची पद्धत इटलीच्या शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये मांडली. स्टेथोस्कोपने धमनीतले आवाज ऐकून वरचा आणि खालचा आकडा ठरवायची रीत निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये सांगितली. त्याच सुमारास विलेम आइंटहोवेन ईसीजी काढत होते. त्यासाठी पेशंटला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे, आणि यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं. १९२४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

सॅच्युरेशनची कथा तर अपघाताचीच. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त फेकतं ते मोजायच्या खटपटीत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेखात लाटा उठत होत्या आणि त्या काढून टाकायच्या होत्या. दोन रंगांचा प्रकाश वापरून लाटा रद्द करता करता त्यांच्या लक्षात आलं, की ऑक्सिजन कमी-जास्त झाला की हे रद्द करणंच बिघडतं. म्हणजे ज्याला कचरा समजत होतो त्यातच ऑक्सिजनचा आकडा लपलेला होता. हे साल १९७४. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, स्टेथोस्कोपशिवाय आपोआप बीपी घेणारं डायनामॅप बाजारात आलं.

यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या डब्यात, आपापल्या पडद्यासह आणि आपापल्या टूं-टूंसह थिएटरमध्ये शिरली. भूलतज्ज्ञाच्या शेजारी डब्यांची उतरंड लागली. मग सगळं एका पेटीत कोंबलेले मॉनिटर आले. पण तिथे कार्बन डायऑक्साइड मोजायची गरज नसली तरी त्याचे पैसे मोजायचे, आणि बीपीचा पंप बिघडला की अख्खी पेटी दुरुस्तीला, असं होऊ लागलं. १९९० च्या सुमाराला ह्यूलेट-पॅकार्डच्या मॉनिटरचं नावच ‘कंपोनंट मॉनिटरिंग सिस्टीम’ होतं: एक मुख्य यंत्र, एक रॅक (खाचांची चौकट) आणि त्यात हवी ती मॉड्यूल्स. आजचे बहुतेक मोठे आयसीयू मॉनिटर याच वळणाचे आहेत.

कापायचं कुठे?

शरीरापासून पडद्यावरच्या आकड्यापर्यंत बरेच टप्पे असतात. सेन्सर काहीतरी टिपतो. तो क्षीण सिग्नल मोठा करायचा, गोंगाट गाळायचा, त्याचे अंक बनवायचे, त्या अंकांवर गणित करून ‘पल्स ८४’ असं काहीतरी ठरवायचं, मग ते दाखवायचं, मर्यादेशी ताडायचं आणि नोंदवून ठेवायचं. यातल्या कोणत्या टप्प्यानंतर यंत्र तोडून सुटं करायचं, हा मॉड्यूलर मॉनिटर बनवणाऱ्याचा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

सेन्सरच्या लगेच नंतर तोडावं, तर कच्चा सिग्नल लांब वायरीतून न्यावा लागतो. ईसीजीचा सिग्नल छातीवर जेमतेम १ मिलिव्होल्टचा. खोलीतल्या प्रत्येक दिव्यातून आणि पंपातून ५० किंवा ६० हर्ट्झची वीज त्या वायरीत शिरायला टपलेलीच असते. म्हणून बहुतेक कंपन्या अंक बनल्यानंतर तोडतात. मॉड्यूलच्या आतच सिग्नल मोठा होतो, गाळला जातो, मोजला जातो, आणि बाहेर जातात ते तयार आकडे आणि लाटेचे बिंदू. अंकांवर गोंगाटाचा परिणाम फार होत नाही.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. अखंड त्वचेवर विजेचा झटका नुसता जाणवायलाही साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. पण हृदयाच्या आत पोचलेल्या नळीतून थेट स्नायूला मिळाला, तर त्याच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाहही ठोक्यांची लय बिघडवू शकतो. म्हणून आयईसी ६०६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की हृदयाशी थेट संबंध येऊ शकतो अशा जोडणीतून नेहमीच्या स्थितीत पेशंटच्या अंगात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह गळता कामा नये. यंत्रात एखादा बिघाड झाला तरी ५० च्या वर नाही. हे साधायला मॉड्यूलमध्ये दोन बेटं करतात. पेशंटच्या बाजूचं सर्किट एका बेटावर, मॉनिटरच्या बाजूचं दुसऱ्यावर. मध्ये एकही तार नाही. वीज छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जाते, माहिती प्रकाशाच्या किंवा चुंबकीय स्पंदनांच्या रूपाने अलीकडे येते.

कधी मॉनिटर जवळून बघायला मिळाला तर सॉकेटशेजारची चिन्हं बघा. चौकोनात माणसाची आकृती असेल, तर ती जोडणी शरीराला लावायला सुरक्षित. चौकोनात बदाम असेल, तर हृदयापर्यंत जाणाऱ्या जोडणीसाठीची कडक मर्यादा ती पाळते. बदामाच्या दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या असतील, तर डीफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा, शॉक दिला तरी ते सर्किट टिकतं. चाचणीत हा शॉक ५,००० व्होल्टचा असतो. प्रत्येक मॉड्यूल आपापला बदाम घेऊनच येतं. मुख्य मॉनिटरवर ही जबाबदारी टाकली असती, तर नवं मॉड्यूल जोडताना दर वेळी अख्ख्या यंत्राची सुरक्षा नव्याने तपासावी लागली असती.

याच न्यायाने प्रत्येक मॉड्यूल आपली ओळखही सोबत ठेवतं. आतल्या छोट्या मेमरीत त्याचा प्रकार, अनुक्रमांक, कॅलिब्रेशनचे स्थिरांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदलेली असते. रॅकमध्ये सरकवल्यावर काही सेकंदांत स्वतःची तपासणी करून ते मुख्य यंत्राला आपण कोण ते सांगतं आणि पडद्यावर त्याची ओळ उगवते. मॉनिटर बंद करावा लागत नाही.

काही कंपन्यांनी कापायची जागा आणखी पुढे, पेशंटच्या दिशेला सरकवली. निहोन कोहडेनच्या काही मॉनिटरमध्ये मोजणीचं सर्किट वायरीच्या टोकाच्या जाडसर प्लगमध्येच बसवलेलं असतं. एकाच सॉकेटमध्ये आज धमनीतलं बीपी, उद्या कार्बन डायऑक्साइड, परवा तापमान. रॅक नको, ठोकळे नकोत. मला ही रचना देखणी वाटते. फक्त वायरी जमिनीवर पडतात, पायाखाली येतात, आणि तिथे तुटतं ते महागडं सर्किट.

तोच आकडा, पण कोणाचा?

मॉड्यूल बदललं तर आकडा बदलतो का? बीपीच्या बाबतीत बदलू शकतो, आणि त्यात कोणाची चूक असेलच असं नाही. आपोआप बीपी घेणारं यंत्र आवाज ऐकत नाही. ते कफ फुगवतं, मग टप्प्याटप्प्याने हवा सोडत धमनीच्या ठोक्यांमुळे कफमधल्या हवेत उठणारे बारीक हेलकावे मोजतं. हे हेलकावे ज्या दाबाला सगळ्यात मोठे होतात तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मात्र थेट मोजलेला नसतो. हेलकाव्यांची उंची कशी चढते-उतरते यावरून तो हिशेबाने काढलेला असतो, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा स्वतःचा असतो, बहुधा गुप्तही. दोन चांगल्या कंपन्यांची मॉड्यूल्स एकाच दंडावर थोडे वेगळे आकडे देऊ शकतात. कफ चुकीचा असेल तर मग बोलायलाच नको. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के असावी लागते. जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी खोटंच चढलेलं दिसतं, मॉड्यूल कितीही भारी असो.

सॅच्युरेशनमध्ये सांधा आणखी नाजूक आहे. प्रोब बोटातून साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढायची, पण गुणोत्तरापासून टक्केवारीकडे नेणारं कोष्टक शुद्ध भौतिकशास्त्रातून मिळत नाही. ते निरोगी स्वयंसेवकांवरून बनवलेलं असतं. त्यांना कमी ऑक्सिजनची हवा देत देत सॅच्युरेशन साधारण ७० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं आणि त्याच वेळी धमनीतलं रक्त तपासून ताळा घ्यायचा. त्याच्या खाली माणसाला नेणं धोक्याचं, म्हणून ७० च्या खालचे आकडे अंदाजाने पुढे ओढलेले असतात.

आता हे कोष्टक विशिष्ट रंगाच्या प्रकाशासाठी बनवलेलं आहे, आणि कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक दिव्याचा रंग किंचित वेगळा असतो. नेलकॉर या कंपनीने यावर छान तोडगा काढला: प्रोबच्या प्लगमध्ये एक रेझिस्टर बसवायचा, आणि त्याच्या किमतीवरून यंत्राने ओळखायचं की या दिव्याला कोणतं कोष्टक लावायचं. म्हणूनच प्लग बसला म्हणजे प्रोब जुळला, असं नसतं. स्वस्तातला ‘कंपॅटिबल’ प्रोब खोचला, लाट सुरेख दिसली, आकडा ९६ आला, आणि तो चुकीच्या कोष्टकातून आलेला असू शकतो. पडद्यावर तसं काही लिहून येत नाही.

स्वयंसेवक कोण होते यालाही महत्त्व आहे. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असूनही पल्स ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटपेक्षा कृष्णवर्णीय पेशंटमध्ये जवळपास तिप्पट होतं. हे सुधारायला नवे सेन्सर आणि नवी कोष्टकं लागतील. तेव्हा सॅच्युरेशनचं तेवढं मॉड्यूल बदलता आलं, तर खाटेशेजारचा बाकीचा मॉनिटर फेकावा लागणार नाही. मॉड्यूलर रचनेच्या बाजूने इतका चांगला मुद्दा विक्रेते क्वचितच मांडतात.

कोणाला काय हवं

‘हवं तसं बदलता येणारं यंत्र’ म्हटलं की पडद्यावरचे रंग आणि मांडणी आठवते. ते वरवरचं झालं. खरी निवड असते ती काय मोजायचं याची.

श्वासाचंच बघा. साधा मॉनिटर श्वास मोजतो तो ईसीजीच्याच इलेक्ट्रोडमधून. दोन इलेक्ट्रोडमध्ये अगदी बारीक, उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात. छाती फुगली की विरोध किंचित वाढतो, बसली की कमी होतो. फुकटात श्वास मोजला जातो. पण यंत्राला छातीची हालचाल दिसते, हवेची नाही. भुलीच्या गुंगीत जीभ मागे पडून घसा बंद झाला, तरी छाती धडपडत राहते आणि यंत्र निवांतपणे मिनिटाला १६ श्वास मोजत राहतं. कार्बन डायऑक्साइडचं मॉड्यूल लावलं की चित्र पालटतं. ते बाहेर पडणाऱ्या हवेतून ४.२६ मायक्रोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश सोडतं, आणि कार्बन डायऑक्साइड तो शोषतो. हवा बाहेर आलीच नाही तर लाट सपाट. सॅच्युरेशन घसरायला मात्र वेळ लागतो, कारण फुप्फुसांत ऑक्सिजनचा साठा असतो, आणि मॉड्यूल काही सेकंदांची सरासरी दाखवतं ते वेगळंच. म्हणून भूल दिलेल्या पेशंटला हे मॉड्यूल हवंच. साध्या वॉर्डात चालता-फिरता पेशंट असेल तर त्याची गरज नाही. तिथे बीपी, सॅच्युरेशन, तापमान आणि एक लक्ष ठेवणारी सिस्टर पुरते.

वॉर्डासाठी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने एक गुणपद्धत बनवली, २०१२ मध्ये, आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, सॅच्युरेशन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध (पेशंट किती भानावर आहे) आणि तापमान, प्रत्येकाला गुण. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांनी बघायचं, ७ झाली की आणीबाणी. वॉर्डातले बरेच मॉनिटर आता ही बेरीज स्वतः करतात. ‘शुद्ध’ हा रकाना मात्र माणसालाच भरावा लागतो.

नवजात बाळांसाठी मॉड्यूल तेच असलं तरी नियम बदलतात. प्रौढाचा कफ ३०० मिलिमीटर दाबापर्यंत जाऊ शकतो, बाळाचा १५० च्या वर जाता कामा नये. म्हणून नवा पेशंट नोंदवताना मॉनिटर आधी विचारतो: प्रौढ, लहान मूल की नवजात? त्या एका निवडीने कफचा दाब, अलार्मच्या मर्यादा, ईसीजीची गाळणी, सगळं बदलतं. जेवढं जास्त बदलता येतं, तेवढी ही पहिली निवड जास्त जोखमीची. म्हणून शहाणी रुग्णालयं विभागवार ठरीव मांडण्या करून त्या पासवर्डने बंद ठेवतात. शेजारच्या दोन खाटांवर हिरवी लाट एकीकडे ईसीजीची आणि दुसरीकडे धमनीतल्या दाबाची असेल, तर रात्री तीन वाजता कोणाला ते स्वातंत्र्य नको असतं.

रंगांचा घोळ वायरींमध्ये तर मानकातच बसवलेला आहे. आयईसीच्या पद्धतीत उजव्या हाताची ईसीजीची वायर लाल, डाव्या हाताची पिवळी, डाव्या पायाची हिरवी. अमेरिकी पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, आणि लाल वायर डाव्या पायाची. एका पद्धतीत शिकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या पद्धतीचा वायरसंच आला, तर लाल वायर सवयीने चुकीच्या जागी जाते आणि ईसीजी उलटासुलटा दिसतो. तसंच ट्रान्सड्यूसरचं: तो हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली लटकला, तर धमनीतलं बीपी सुमारे ७ मिलिमीटर जास्त दिसतं.

मॉड्यूल्सनी एकमेकांना ओळखायला हवं

बीपीचा कफ आणि सॅच्युरेशनचा प्रोब एकाच हाताला लावलाय असं समजा. कफ फुगला की हाताचं रक्त थांबतं, बोटातली नाडी गायब होते, आणि सॅच्युरेशनचं मॉड्यूल बोंब मारतं. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. हे टाळायला सॅच्युरेशनच्या मॉड्यूलला कळायला हवं, की शेजारचं मॉड्यूल आत्ता कफ फुगवतंय. बऱ्याच मॉनिटरमध्ये तशी सोय असते: दोन्ही एकाच हाताला आहेत असं एकदा सांगितलं की कफ फुगलेला असेपर्यंत तो अलार्म रोखला जातो.

हेच मोठ्या प्रमाणात हृदयाच्या बाबतीत. ईसीजीची लाट अचानक सपाट झाली. हृदय थांबलं, की वायर सुटली? ईसीजीच्या मॉड्यूलला एकट्याने सांगणं कठीण. पण त्याच क्षणी धमनीतल्या दाबाची लाट नेहमीसारखी उसळतेय, बोटातली नाडीही चालू आहे, तर उत्तर उघड आहे. वेगवेगळ्या मॉड्यूल्सचे पुरावे एकत्र तपासणारा मुख्य मॉनिटर असे खोटे अलार्म गाळू शकतो. प्रत्येक मॉड्यूल आपापलं ओरडत असेल तर नाही.

खोट्या अलार्मचा त्रास नुसता कानाला नसतो. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालय-मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला, की ८५ ते ९९ टक्के अलार्मवर कोणाला काहीच करावं लागत नाही. त्याच इशाऱ्यात जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळातल्या अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या होत्या, आणि त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावले होते. सतत वाजणाऱ्या गोष्टीकडे माणसाचा कान बंद होतो. मग कोणीतरी आवाज कमी करतं, मर्यादा सैल करतं, आणि खरा अलार्म त्यात बुडतो.

दोन कंपन्यांची गाडी

आतापर्यंतचं सगळं एकाच कंपनीच्या घरातलं झालं. एका कंपनीचं मॉड्यूल दुसरीच्या रॅकमध्ये बसत नाही. बसवायचं म्हटलं तर आकार, वीज आणि भाषा, तिन्ही आड येतात. यात थोडा तांत्रिक अपरिहार्यतेचा भाग आहे आणि बराच धंद्याचा. एकदा रॅक घेतला की पुढची दहा-पंधरा वर्षं मॉड्यूल्स त्याच दुकानातून. एक अपवाद गमतीचा: सॅच्युरेशनचं गणित मासिमो किंवा नेलकॉर या कंपन्यांकडून तयार बोर्डाच्या रूपात घेऊन आपल्या मॉड्यूलमध्ये बसवणं ही जुनी रूढ पद्धत आहे. खरेदी करताना कोणता बोर्ड हवा ते सांगता येतं. म्हणजे बाहेरून एका कंपनीचं, आतून दुसरीचं.

भाषेवर मात्र काम झालंय. आकडे रुग्णालयाच्या संगणकाकडे पाठवायला एचएलसेव्हन नावाची संदेशपद्धत १९८० च्या दशकापासून आहे. यंत्रांच्या मोजमापांना नेमकी नावं देण्यासाठी आयईईई ११०७३ ही मानकांची मालिका आहे. नाव नेमकं असण्याची गरज एका उदाहरणात कळते. ईसीजीवरून मोजलेला ठोक्यांचा वेग आणि बोटावरून मोजलेला नाडीचा वेग, दोन्ही मिनिटाला ८४ असू शकतात, पण ते एकच नाहीत. काही अनियमित ठोके इतके कमजोर असतात, की ईसीजीत दिसतात पण बोटापर्यंत पोचत नाहीत. म्हणून या मालिकेत पहिल्याला १४७८४२ आणि दुसऱ्याला १४९५३० असे वेगळे क्रमांक आहेत. दोघांना नुसतं ‘पल्स’ म्हणून एका रकान्यात टाकणारं सॉफ्टवेअर डॉक्टरांपासून माहिती लपवतं.

घड्याळांचा प्रश्नही असाच, बाहेरून क्षुल्लक. मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि डीफिब्रिलेटर यांची घड्याळं दोन-तीन मिनिटांनी पुढे-मागे असली, तर शॉक आधी दिला की लय आधी बिघडली, हे नंतर नोंदी बघून ठरवता येत नाही.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत यासाठी एक कार्यक्रम सुरू केला. अशा प्रयत्नांमधून आणि युरोपातल्या कामातून ११०७३ मालिकेत एक नवी शाखा आली, एसडीसी. तिच्यात यंत्रं नेटवर्कवर एकमेकांना शोधतात, आपण काय मोजतो ते जाहीर करतात, आणि परवानगी असेल तिथे एकमेकांच्या मर्यादाही बदलू शकतात.

घरी किंवा कॉलेजात असं यंत्र बनवून बघणाऱ्यांची संख्याही वाढतेय. ईसीजीसाठी एडीएस१२९२आर, सॅच्युरेशनसाठी मॅक्स३०१०२ अशा चिप सहज मिळतात आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जोडीने पडद्यावर लाट आणता येते. शिकायला याहून चांगलं साधन नाही. पण त्या बोर्डाला बदामाचं चिन्ह नसतं, आणि त्यावरच्या आकड्याचा ताळा कोणी रक्ताशी घेतलेला नसतो. पेशंटला लावायच्या यंत्राला हे दोन्ही लागतं. शिवाय दहा मॉड्यूल्स असतील तर ती जोडण्या-काढण्याचे १,०२४ प्रकार होतात. प्रत्येक तपासणं अशक्य. म्हणून कंपन्या जोड्या तपासण्यापेक्षा सांध्याचे नियम घट्ट करतात आणि प्रत्येक मॉड्यूल त्या नियमांना उतरतं का ते तपासतात. मॉड्यूलची सॉफ्टवेअर आवृत्ती मुख्य मॉनिटरच्या यादीत नसेल, तर चांगला मॉनिटर ते चालवायला नकार देतो. खटकतं, पण योग्य आहे.

एसडीसीसारख्या जोडणीवर सध्या चाललेला एक प्रयोग मला सगळ्यात रोचक वाटतो: आवाज नसलेला आयसीयू. खाटेशेजारची यंत्रं गप्प राहतात आणि अलार्म थेट त्या पेशंटच्या सिस्टरच्या हातातल्या उपकरणावर जातो. पेशंटला झोप मिळते, बाकीच्यांचे कान वाचतात. अडचण उघड आहे: निरोप पोचलाच नाही तर? याचं उत्तर अलार्मच्या मानकातच आहे. निरोप मिळाल्याची पोच खाटेशेजारच्या यंत्राला परत यावी लागते. पोच आली नाही किंवा नेटवर्क तुटलं, तर यंत्राने गप्प राहायचं सोडून स्वतः वाजायला लागायचं.